परक्यांची वाट

आमच्या तालुक्यातला सगळ्यात उंच डोंगर तेरा मीटरचा आहे. दरवर्षी वर्गात हे वाक्य आलं की पोरं हसतात, आणि मीही त्यांना हसू देते. पलीकडच्या किनाऱ्यावर, सफाक्स शहराच्या बाजारात, आम्हा केरकेन्ना बेटांवरच्या लोकांना यावरून कायम टोमणे बसतात. "तुम्हाला जिना चढताना चक्कर येत असेल, नाही?" असं तिथला मसालेवाला मला प्रत्येक खेपेला विचारतो, आणि प्रत्येक खेपेला तो विनोद त्याला नवाच वाटतो.

मी रेमलाच्या शाळेत भूगोल शिकवते. पुस्तकातल्या नकाशात आमची बेटं सपाट आणि बारकी दिसतात. पण तो नकाशा अर्धाच आहे. उरलेला तालुका पाण्याखाली आहे, आणि त्यालाही मालक आहेत, हद्दी आहेत, भाऊबंदकी आहे. समुद्राच्या तळाशी जे खोल चर आहेत त्यांना आम्ही नद्या म्हणतो, आणि प्रत्येक नदीला नाव आहे. माझं लग्न ठरलं तेव्हा वडिलांनी विचारलं होतं, "मुलाची जमीन कुठे आहे?" लमजदच्या वडिलांनी अंगणातून समुद्राकडे बोट दाखवलं. माझ्या वडिलांनी डोळे बारीक करून जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "चांगली आहे. उथळ दिसतेय."

त्या जमिनीत पेरायचा तो कूड. खजुराच्या झावळ्या गाळात खोचायच्या, गवताच्या दोरीने एकमेकींना बांधायच्या, आणि किनाऱ्यापासून खोल पाण्याकडे तिरकी जाणारी, ओहोटीला आडवी येणारी एक लांबच लांब भिंत उभी करायची. ओहोटी लागली की मासे खोल पाण्याकडे निघतात. वाटेत कूड आला की त्याच्या कडेकडेने जात राहतात आणि टोकाशी झावळ्यांनीच घेरलेल्या खोलीत शिरतात. तिथून मागे फिरायचं त्यांना सुचत नाही. खोलीत जे सापडेल ते त्या हद्दीच्या मालकाचं. हा आमचा सगळ्यात जुना कायदा, आणि तो मोडल्याचं मी कधी ऐकलेलं नाही.

आमच्या हद्दीत सहा वर्षं कूड नव्हता. सहा वर्षांपूर्वी, ऑलिव्ह उतरवायच्या दिवसांत, दुपारच्या ओहोटीला माझा नवरा लमजद खोलीतल्या मासे धरायच्या टोपल्या बघायला गेला. संध्याकाळी होडी मिळाली. नांगर टाकलेला होता, होडीत त्याच्या चपला होत्या आणि जेवणाचा डबा तसाच होता. पाणी मांडीएवढं होतं. मांडीएवढ्या पाण्यात आमच्याकडे कुणी बुडत नाही.

लोक म्हणाले, गेला असेल इटलीला. हल्ली जो दिसत नाही तो इटलीला गेलेला असतो. मला हसू आलं होतं, त्या दिवसांतही. लमजद साध्या फेरीबोटीत बसायलाही कुरकुर करायचा. मला तो 'सरकार' म्हणायचा. "सरकार, सफाक्सला तूच जाऊन ये, मला गर्दीत कानात दडे बसतात." असला माणूस इटलीला काय जातोय?

प्रेत मिळालं नाही, म्हणून दुखवटा झाला नाही. माझी सासू शाद्लिया, जिला मी उम्मी म्हणते, तिने तो होऊच दिला नाही. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेत, तिला उजेड तेवढा कळतो. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून टाका. ती म्हणाली, "तो आला की करू. तोवर बघण्यासारखं काय आहे इथे? तुझं तोंड तर मला पाठ आहे." सहा वर्षं आम्ही दोघी त्या घरात राहिलो. मी त्याच्याबद्दल बोलत नसे. रात्री अंथरुणात त्याच्या बाजूला सरकत नसे. पण मला तो हवा होता. रोज हवा होता. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणून इथे सांगते.

उन्हाळा संपता संपता, या पावसाळ्याआधी, तिजानीकाका आले. हे लमजदचे चुलते. लग्न केलं नाही, सगळा जन्म पाण्यात गेला. त्यांची बोटं मिठाने फुटलेली असतात आणि जीभ त्याहून.

"मास्तरीणबाई," ते दारातूनच म्हणाले, "यंदा कूड घालायचा. अजून एक वर्ष गेलं तर आपली हद्द कुठे होती ते मलाही सांगता येणार नाही. जमिनीला दगड रोवता येतो. समुद्राची हद्द डोक्यात असते, आणि माझं डोकं आता मऊ झालंय."

"उम्मीला विचारा."

"तिला विचारूनच आलोय. म्हणाली, घाल. पोरगा परत आला तर काम काय करणार?"

आम्ही कूड घातला. अत्ताया गावाकडच्या खजुरींना खाऱ्या पाण्याने माना टाकायला लावल्यात, म्हणून झावळ्या मेलीता गावाहून आणाव्या लागल्या. शाळा सुटली की मी सलवार गुडघ्यावर बांधून पाण्यात उतरायची. काका खोचायचे, मी बांधायची. सप्टेंबरचं पाणी कोमट होतं. मला ते काम आवडलं, आणि आवडल्याबद्दल जरा अपराधीही वाटलं.

किनाऱ्यापासून बऱ्याच अंतरावर काकांनी एक हातभर जागा मोकळी सोडली आणि पुढची झावळी खोचली.

"ही परक्यांची वाट," ते म्हणाले.

आमच्या वस्तीतल्या प्रत्येक कुडात ती असते. मी वर्गात सांगते की प्रवाहाचा दाब कमी व्हावा म्हणून ती ठेवतात, नाहीतर पहिल्या वादळात कूड आडवा होईल. मी काकांनाही तेच सांगितलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पोरांना हेच सांग."

"मग तुम्ही काय सांगता?"

त्यांनी दोरीची गाठ दाताने ओढली. "जे बुडाले ते तळावरून चालतात. भरतीला किनाऱ्याकडे येतात, ओहोटीला परत जातात. मासे जातात तसे. मासा आपला, पण माणूस परका. त्याला अडवायचं नाही. आई सांगायची, एवढंच. खरं असो, खोटं असो, हातभर जागेने आपलं काय जातंय?"

पहिल्या दिवशी खोलीत बोय मासे भरपूर लागले. पण ते सगळे एकाच कोपऱ्यात होते. परक्यांच्या वाटेपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसले होते, आणि उरलेली खोली रिकामी होती. मी काकांना विचारलं तर ते म्हणाले, सावली असेल. सावली कशाची, ते त्यांनी सांगितलं नाही.

दोनतीन दिवसांनी मला पावलं दिसली.

आमच्याकडे ओहोटीचं पाणी इतकं नितळ असतं की तळावरची शिंपलीसुद्धा मोजता येते. परक्यांच्या वाटेत, गाळात, अनवाणी पावलं उमटलेली होती. काही किनाऱ्याकडे तोंड करून, काही खोल पाण्याकडे. मला नवल वाटलं नाही. ऑक्टोपस धरायला बायका पाण्यात हिंडतात, त्यातली कुणी आडवाटेने गेली असेल. पण रोज ओहोटीला जुनी पावलं पुसलेली असायची आणि नवी उमटलेली. आणि वाटेच्या अलीकडे पलीकडे कुठेच ती नव्हती. फक्त त्या हातभर जागेत.

मग एक दिवस एक डावं पाऊल दिसलं. त्याला चारच बोटं होती.

लहानपणी नांगराच्या साखळीत अडकून लमजदच्या डाव्या पायाची करंगळी गेली होती. मी पाण्यात वाकून त्या ठशाशेजारी माझा हात ठेवला. रुंदी मला ठाऊक होती. थंडीत तो पाय माझ्या पोटरीला लावून तो झोपायचा आणि मी ओरडायची.

मी घरी आले, हात धुतले, पोरांच्या वह्या तपासल्या. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नसते, पण आमचं आखात त्याला अपवाद आहे, असं एकाने बरोबर लिहिलं होतं. मी त्याला पूर्ण गुण दिले. मग मला रडू आलं. ओहोटी दिवसाला दोनदा येते. म्हणजे गेली सहा वर्षं हा माणूस रोज दोनदा किनाऱ्यापर्यंत येत होता आणि दारातून परत जात होता. आणि मी घरात बसून वह्या तपासत होते.

रविवारी दुपारी, ओहोटी लागायच्या बेताला, मी वाटेच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. वारा पडला होता. लांब ग्रेम्दी बेटाची रेघ दिसत होती. पाणी माझ्या पायांवरून खोल बाजूला सरकायला लागलं.

बराच वेळ काही झालं नाही. मग वाटेच्या मधोमध पाणी दोन ठिकाणी फाटलं. वाहत्या पाण्यात कुणी उभं राहिलं की मांड्यांपाशी पाणी जसं दुभंगतं, तसं. वर काहीच नव्हतं. ऊन होतं.

"लमजद," मी म्हटलं.

पाणी तिथेच फाटत राहिलं. तो थांबला होता. मी हात पुढे केला, आणि हाताला गार वाटलं, घागरीच्या पोटाला हात लावल्यासारखं. मी काहीतरी बोलले. उम्मीच्या डोळ्यांबद्दल बोलले, छताला गळती लागली ते सांगितलं, मग म्हटलं, "घरी ये रे. पुरे झालं आता."

ओहोटीचा जोर वाढला. ती दोन भोवऱ्यांची जोडी माझ्यापासून ओढली गेल्यासारखी सरकली, वाटेतून पलीकडे गेली, आणि मिटली.

मी काकांकडे गेले. ते होडीला डांबर लावत होते. सगळं ऐकून त्यांनी ब्रश खाली ठेवला.

"पाहिलंस ना? मग झालं. आता पाठ फिरव."

"त्याला राहायचंय, काका. ओहोटी त्याला ओढून नेते. ती वाट बंद केली तर..."

"गप्प."

"तर तो अलीकडेच राहील."

"मी गप्प म्हटलं ना!" ते ओरडले, आणि मग हळू आवाजात म्हणाले, "पोरी, तो एकटाच त्या वाटेने जातो असं तुला कुणी सांगितलं? या समुद्रात काय कमी माणसं बुडालीत? कुठल्या कुठल्या देशांची. वाट बंद केलीस तर जो कोणी अलीकडे असेल तो तुझ्या हद्दीत सापडेल. आणि जे सापडतं ते आपलं. मग नको म्हणता येत नाही."

"मला दुसरं कुणी नकोय. मला माझा नवरा हवाय."

"मासे धरतानाही आपण हेच म्हणतो," काका म्हणाले. "मोठा बोय हवा. आणि येतं काय?"

मी त्यांचं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी भरती पुरी भरली तेव्हा कमरेएवढ्या पाण्यात चालत गेले. माझा हिशोब सरळ होता: भरतीला तो किनाऱ्याकडे येतो, म्हणजे भरती पूर्ण असताना तो अलीकडे असणार. मी वाटेत झावळ्या खोचल्या, खालपर्यंत दाबल्या आणि दोरीने दोन्ही बाजूंना पक्क्या बांधल्या. भीती वाटत नव्हती. लग्नाच्या आदल्या दिवशी वाटलं होतं तसं वाटत होतं.

घरी परत येताना मला उम्मीचं हसणं ऐकू आलं. ती सहा वर्षांत हसली नव्हती.

"नझीहा! बघ गं कोण आलंय!"

ती चटईवर बसली होती. समोर एक माणूस बसला होता, खाली मान घालून. अंगात जाड काळं जाकीट, आमच्याकडे कुणी घालत नाही असलं. त्यातून पाणी ठिबकत होतं. लमजदएवढाच उंच असेल. चेहरा असा, की बसमध्ये शेजारी बसला असता तर उतरल्यावर आठवला नसता. उम्मीने त्याचा डावा पाय मांडीवर घेतला होता आणि ती त्यावरून हात फिरवत होती.

मी ओली सलवार पिळत दारातच थांबले.

"बोटं मोजलीस का, उम्मी?" मी विचारलं.

"मोजली की. पाच आहेत." तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की बघवेना. "समुद्राने माझ्या पोराची करंगळी परत दिली. जा, सूप गरम कर. किती गार पडलाय बघ."

मी सूप गरम केलं. जवाच्या कण्यांचं, वाळवलेला ऑक्टोपस घातलेलं. घरात पाहुणा उपाशी बसलेला बघवत नाही, ही सवय हातांना असते. त्याने वाटी दोन्ही हातांनी धरली आणि सगळं प्यायला. एक शब्द बोलला नाही.

संध्याकाळपर्यंत वस्तीत बातमी गेली. शेजारची मुंजिया कुसकुसचं ताट घेऊन आली.

"इटलीत जाडा नाही झालास रे, लमजद! बायकोला काही आणलंस, की हात हलवत आलास?"

तो मान खाली घालूनच हसला. लमजदने यावर तिला असं काही ऐकवलं असतं की ती ताट ठेवून पळाली असती.

मी तिला अंगणात ओढत नेलं. "मुंजिया, नीट बघ. हा लमजद आहे?"

तिने माझ्या गालाला हात लावला. "सहा वर्षांत माणूस बदलतं गं. माझा तर घरात बसून बदलला."

तिजानीकाकाही आले. त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच सलाम केला, आत बसलेल्या माणसाकडे पाहिलं नाही, आणि चहा न घेता गेले. त्यानंतर ते आमच्या घरी चहा प्यायले नाहीत.

त्या रात्री मी उम्मीजवळ झोपले. अंधारात तिला विचारलं, "आता डोळ्यांचं ऑपरेशन करून टाकू या ना? तो आलाय तर."

तिने गोधडी गळ्यापर्यंत ओढली. मग म्हणाली, "कशाला?" आणि कूस बदलली.

सकाळी ओहोटीला मी कुडावर गेले. खोलीत एकही मासा नव्हता. मी बांधलेल्या झावळ्या जागच्या जागी होत्या. त्यांच्या अलीकडे गाळ कोरा होता. पलीकडे, खोल पाण्याच्या बाजूला, तो तुडवलेला होता. चार बोटांचं डावं पाऊल, पाच बोटांचं उजवं, पुन्हा डावं. इकडून तिकडे, तिकडून इकडे, कुडाच्या कडेकडेने. एके ठिकाणी दोन्ही पावलं जुळवून ठेवलेली होती, बोटं झावळ्यांना टेकलेली, आणि तिथे ती खोल रुतली होती. म्हणजे तिथे तो खूप वेळ उभा होता.

काल त्याला यायला उशीर झाला होता. एवढंच. तो कायम उशिरा यायचा. आमच्या लग्नालाही.

मी दाताने, नखांनी गाठी सोडवल्या. झावळ्या उपटून फेकून दिल्या. वाट पुन्हा हातभर मोकळी झाली.

दुपारी मोठी भरती होती. आजेसासऱ्यांच्या काळी समुद्र आमच्या घरापासून खूप लांब होता. आता अशा भरतीला पाणी खाजण ओलांडून पार आमच्या पायरीला लागतं. मी दार सताड उघडं ठेवून पायरीवर बसले. शाळेत तब्येत बरी नाही म्हणून कळवलं होतं. पाणी खाजणातल्या वाळल्या गवतातून सरकत येत होतं. मला इतकं नक्की वाटत होतं की मी केस विंचरून बसले होते.

"दार लाव गं, वारा येतोय," आतून उम्मी म्हणाली.

"जरा वेळ, उम्मी."

"याला थंडी वाजतेय. आणि चुलीवर काहीतरी जळतंय बघ."

खरंच जळत होतं. मी उठले. पातेलं उतरवलं. मागे दार लागल्याचा आवाज झाला. तो परका दारापाशी उभा होता. कडीवरचा हात काढून तो परत चटईवर येऊन बसला.

पायरीशी पाणी लागल्याचा आवाज आला.

मग पायरीच्या दगडावर पाय पुसल्याचा आवाज आला. आधी उजवा, मग डावा. मी लग्न होऊन आल्यावर ती सवय त्याला मीच लावली होती.

उम्मीने मान वर केली. "कोण आहे दारात?"

चटईवरचा माणूस पहिल्यांदा बोलला.

"कोणी नाही, उम्मी."

तो आवाज लमजदचा होता. जरा घोगरा, शेवटचा शब्द खाली सोडणारा. सहा वर्षं ज्या आवाजासाठी मी तडफडले, तो माझ्या पाठीमागे, माझ्या घरात होता. आणि मी वळले. दाराकडे जायचं सोडून मी त्याच्याकडे पाहिलं.

तेवढंच.

दार उघडलं तेव्हा पायरीवर दोन ओली पावलं होती. डाव्याला चार बोटं. टाचा दाराकडे होत्या.

मी पाण्यातून धावले, पडले, पुन्हा उठले. त्याला हाका मारत होते. भरती फिरली होती. समोर परक्यांच्या वाटेत पाणी दोन ठिकाणी फाटलेलं होतं. मी अजून लांब होते. ते मिटताना मला दिसलं.

त्यानंतर तिथे ते पाऊल उमटलं नाही. इतर उमटतात. रोज नवी असतात, लहान मुलांचीही असतात. मी वाट मोकळी ठेवते, त्यात कधी गवत अडकलं तर काढते.

घरातला माणूस गेला नाही. मी त्याला एकदा म्हटलं, "वाट उघडी आहे." त्याने मान हलवली आणि उम्मीच्या पायांना तेल लावत राहिला. तो काम चांगलं करतो. छताची गळती त्याने काढली. त्याचे कपडे दिवसभर उन्हात टाकले तरी वाळत नाहीत, एवढं सोडलं तर कुणाला बोट ठेवायला जागा नाही. उम्मीचं वजन वाढलंय. मुंजिया म्हणते, तुझंच काहीतरी बिनसलंय, सोन्यासारखा नवरा परत आला आणि तू पाहुणीसारखी वागतेस.

गेल्या आठवड्यात वर्गात मी मुलांना त्यांच्या घरातल्या मोठ्या माणसांकडून समुद्रातल्या नद्यांची नावं विचारून यायला सांगितली होती. एक पोरगी उठून म्हणाली, आजोबा म्हणतात, काही नावं आता कुणालाच आठवत नाहीत. मी म्हटलं, होतं असं, एकदा गेलं की गेलं. आणि फळ्याकडे तोंड करून मी लमजदला आठवायला गेले. त्याचं 'सरकार' म्हणणं आठवलं. गार पाय आठवला. उशीर आठवला. चेहरा काही केल्या येईना.

रात्री जेवताना पुन्हा प्रयत्न केला. डोळे मिटून पाहिले. उम्मी त्याला भाकरी वाढत होती.

लमजद दिसायला कसा होता हे आठवायचं झालं, तर आता मला मान वळवून या माणसाकडे बघावं लागतं.